सोयाबीनचे रायझोबियम: पाकीट की बाटली?

सोयाबीनच्या बीजप्रक्रियेसाठी रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू, दोन रूपांत मिळते: लिग्नाइट पावडरचे २५० ग्रॅमचे पाकीट किंवा द्रवरूप बाटली. दोन्ही घेण्यासारखी आहेत, पण लेबलवर जिवाणूचे पूर्ण नाव हवे. सोयाबीनला ब्रॅडिरायझोबियम जपोनिकम लागतो. डायझोएफिशिएन्स असे लिहिले असले तरी चालते. यूएसडीए ११० या जिवाणूच्या प्रसिद्ध वाणाला २०१३ पासून तेच नाव आहे. ‘सर्व कडधान्यांसाठी’ छापलेला माल मात्र घेऊच नये. सोयाबीनच्या मुळातून जेनिस्टीन आणि डेडझीन ही रसायने पाझरतात. ती जिवाणूतल्या नॉड-डी प्रथिनाला ओळखू आली तरच नॉड-ए, बी, सी ही जनुके जागी होतात आणि गाठ धरण्याचा रासायनिक निरोप मुळाकडे जातो. हरभऱ्याच्या जिवाणूचा निरोप सोयाबीन जुमानत नाही.

खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पावडरमध्ये दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवात दर मिलीला १० कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेल्या मालात ते उरत नाहीत, मग अंतिम तारीख पुढची असली तरी.

आमची पसंती बाटलीला. पाकीट १० किलो बियाण्याला पुरते, पण पावडर चिकटवायला गुळाचे पाणी लागते. ते जरा जास्त झाले की सोयाबीनचे पातळ टरफल सुरकुतते, सुटते आणि उगवण घटते. द्रवरूप १० किलोला १०० मिली पुरते. हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे, त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक आधी, कीटकनाशक नंतर, जिवाणू सर्वांत शेवटी. क्रम उलटला तर पैसे वाया.

पेरणीनंतर ४०-४५ दिवसांनी झाड मातीसकट उपटून गाठ ब्लेडने कापावी. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे. निफ-एच, डी, के या जनुकांपासून बनणारे, हवेतला नत्र पकडणारे नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होते. तो ऑक्सिजन आवरून धरणाऱ्या लेगहिमोग्लोबिनचा तो रंग. पांढरी गाठ नत्र देत नाही, हिरवट गाठ संपलेली असते. युरियाचा मारा केला तर गाठी फारच कमी धरतात.

सोयाबीन पहिल्यांदाच घेतलेल्या रानात फरक ठळक दिसतो. वर्षानुवर्षे सोयाबीन असलेल्या रानात आधीचेच जिवाणू बहुतेक गाठी बळकावतात, तिथे उत्पादनात मोठी वाढ धरू नये.