हनोईत पहाटे टॅक्सीवाल्याने हातातली नोट बदलली, व्हिएतनामला जाणार असाल तर वाचा

सध्या ओळखीतले खूप जण व्हिएतनामचा प्लॅन करतायत, ई-व्हिसा २५ डॉलरमध्ये होतो, तिथलं खाणंपिणं-राहणंही परवडतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. आम्ही दोघी मैत्रिणी बॅगा पाठीवर टाकून १८ दिवस फिरलो, प्रत्येकी दिवसाला दोन हजार रुपयांत भागवायचं ठरवलं होतं आणि ते जमतही होतं. पण एका पहाटे अर्ध्या तासात जवळपास तीन हजार गेले, आणि जात असताना आम्हाला कळलंसुद्धा नाही.

उत्तरेकडच्या हा जियांग या डोंगराळ प्रांतातली गोल फेरी (लूप) करून आम्ही रात्रीच्या स्लीपर बसने हनोईला परत आलो. या बसमध्ये चढताना चपला-बूट काढायला लावतात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवायचे, आणि पहाटे चार-साडेचारला हनोईच्या 'मी दिन्ह' नावाच्या बस स्टँडवर ओरडून उठवतात. म्हणजे तुम्ही अर्धवट झोपेत, बूट हातात, बॅग अजून डिकीत, आणि दाराशी माणसं "टॅक्सी, टॅक्सी, मीटर" करत उभी. फोनमध्ये ग्रॅब (ओला-उबरसारखं टॅक्सीचं अॅप) होतं, पण चार्जिंग तीन टक्के. एक गाडी दिसली, रंग तिथल्या नावाजलेल्या टॅक्सीसारखाच, मीटर लावलेला, माणूस हसतमुख. बसलो. रंग सारखा आणि नाव वेगळं, हे आम्ही दारावर नीट वाचलंच नाही.

ओल्ड क्वार्टरला, म्हणजे हनोईच्या जुन्या भागात, उतरताना मीटरवर ३८५. तिथे शेवटची तीन शून्यं कोणी बोलत नाही, म्हणजे तीन लाख पंच्याऐंशी हजार डाँग (तिथलं चलन). जास्त वाटलं, पण पहाटेचं जास्त असेल म्हणून मी पर्समधून पाच लाखाची नोट काढून दिली. त्याने ती घेतली, खाली वाकून सुटे शोधल्यासारखं केलं आणि वर बघून म्हणाला, नो नो, ट्वेंटी. हातात वीस हजाराची नोट. दोन्ही नोटा निळसर, दोन्हीवर व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह, गाडीत दिवा नाही. आणि माझी मैत्रीण मागून म्हणाली, "अगं नीट बघून दे ना, वीसची दिलीस तू त्याला."

मला आजही वाटतं की सगळा खेळ त्या एका वाक्यावर झाला. त्याला काही भांडावं लागलंच नाही, आम्हीच मराठीत एकमेकींशी बोलत बसलो, मी सॉरी सॉरी म्हणत वीसची परत घेतली आणि पाच लाखाची दुसरी नोट दिली. त्याने एक लाख परत दिले, पंधरा हजार सुटे नाहीत म्हणाला, आमच्या बॅगा स्वतः काढून दिल्या आणि गेला. गाडीचा नंबर घ्यायचं डोक्यातही आलं नाही.

दुपारी हिशोब लिहायला बसलो तेव्हा आकडा जुळेना. बसमध्ये चढताना माझ्याकडे पाच लाखाच्या चार नोटा आणि सुटे पस्तीस हजार होते, ते सुटे मधल्या थांब्यावर पाण्यात आणि उकडलेल्या कणसात संपले होते, ते मैत्रिणीनेच फोनमध्ये लिहून ठेवलेलं. म्हणजे वीस हजाराची नोट माझ्याकडे नव्हतीच! मग ही पेनाचा डाग पडलेली नोट आली कुठून? ती बराच वेळ नोटेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ही आपली नाहीच गं. मी उगाच तुला बोलले." सकाळपासून आमचं धड बोलणं झालं नव्हतं. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं होतं.

एकूण आठ लाख ऐंशी हजार डाँग गेले. ग्रॅबवर तेच अंतर टाकून बघितलं तर दीड लाखाच्या आत दाखवत होतं. हॉस्टेलच्या रिसेप्शनवरच्या मुलाने दोन्ही नोटा काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. वीसच्या मागे होई आन गावातला जपानी पूल, पाच लाखाच्या मागे हो ची मिन्हच्या गावाकडचं घर. पाच लाखाची नोट दीडएक सेंटीमीटर लांबही असते, पण हे शेजारी ठेवल्यावर कळतं, अंधारात एकटी नोट हातात असताना नाही कळत.

त्यानंतर आम्ही जे केलं ते तुम्ही पहिल्या दिवसापासून करा. एटीएममधून बहुतेक पाच लाखाच्याच नोटा येतात, त्या वेगळ्या पाऊचमध्ये, सुटे वेगळे, दोन्ही एका कप्प्यात कधीच नको. मोठी नोट देताना दोन्ही हातांनी धरून आकडा मोठ्याने बोलायचा आणि समोरच्याने मान हलवल्याशिवाय सोडायची नाही. रात्रीच्या बसला बसण्याआधी दोघींपैकी एकीचा फोन पूर्ण चार्ज हवाच. आणि गाडीत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो, तोही ड्रायव्हरला दिसेल असा. आणि कोणी म्हणालंच की तुम्ही कमी दिलेत, तर जोडीदाराने मध्ये बोलू नका प्लीज, आधी पर्समधल्या उरलेल्या नोटा मोजा, वेळ लागला तर लागू दे.

शेवटच्या दिवशी विमानतळाला ८६ नंबरच्या बसने गेलो, तिकीट ४५ हजार. पन्नासची नोट देताना मैत्रीण अख्ख्या बसला ऐकू जाईल असं "फिफ्टी" म्हणाली, कंडक्टरने मान हलवली आणि पाच हजार परत दिले.