७२९ चेंबरचा अ‍ॅरे खानदेशच्या उन्हात

कॅन्सरच्या रेडिएशन उपचारात आयएमआरटी किंवा व्हीमॅटचा (गाठीच्या आकाराप्रमाणे किरणं कमी-जास्त करण्याच्या पद्धती) प्लॅन पेशंटवर चालवण्याआधी फँटमवर, म्हणजे पेशंटच्या जागी ठेवलेल्या ठोकळ्यावर, मोजून बघायचा, त्यासाठी हा २७ × २७ सेंमीचा अ‍ॅरे, डोस मोजणारी पाटी. आत ५ मिमीचे ७२९ आयन चेंबर (किरणांनी आतल्या हवेत तयार होणारा विद्युतभार मोजणाऱ्या डब्या), दोन चेंबरच्या मध्यांत १० मिमी अंतर. डोकं-मान, गर्भाशयमुख अशा रोजच्या प्लॅनसाठी खुशाल घ्या. डोस टिपणारी फिल्म स्कॅन करायची कटकट नाही. बीम थांबला की निकाल समोर.

फक्त चेंबर उघडे आहेत, बाहेरचीच हवा आत खेळते. हवा विरळ झाली की रीडिंग घटतं, म्हणून सॉफ्टवेअरला तापमान आणि हवेचा दाब द्यावा लागतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास. एसी नसलेल्या खोलीतून अ‍ॅरे थेट बंकरमध्ये (मशीनच्या जाड भिंतींच्या खोलीत) आणला, आतली हवा अजून ३० अंशांवर आणि सॉफ्टवेअरमध्ये भिंतीवरच्या थर्मामीटरचे २२ भरले, तर रीडिंग २.६ टक्के कमी. सुरुवातीला १० × १० सेंमीच्या फील्डवर क्रॉस-कॅलिब्रेशन केलं (माहीत असलेल्या डोसशी रीडिंग जुळवून घेतलं) की हा फरक मिटतो, पण अ‍ॅरे नंतरही थंड होतच राहतो. मग पहिला प्लॅन चोख आणि पाचवा दोन टक्के जास्त! रात्रीच बंकरमध्ये ठेवून द्यावा.

दाबाची चूक याहून चिवट. मोबाइलच्या अ‍ॅपमधला दाब समुद्रसपाटीचा हिशेब करून दिलेला असतो. जळगाव साधारण २०० मीटर उंचीवर, म्हणजे डोस सव्वादोन टक्क्यांनी कमी दिसणार, तोही रोज, त्यामुळे कुणाला खटकतही नाही. फार्मर चेंबरने (मशीन तपासायच्या एकेरी चेंबरने) मशीनचं आउटपुट बघताना हाच आकडा वापरून मशीन ‘सुधारलं’, तर प्रत्येक पेशंटला तेवढा डोस जादा. बॅरोमीटर स्वतःचाच हवा.

प्लॅन आणि मोजमाप जुळतं का, याची कसोटी म्हणजे गॅमा: डोसमध्ये ३ टक्के/अंतरात २ मिमी, थ्रेशोल्ड १० टक्के (त्याहून कमी डोसचे बिंदू धरायचे नाहीत). ९५ टक्के बिंदू पास हवेत. ९०च्या खाली गेलं तर आधी कारण शोधा. बहुतेकदा अ‍ॅरे लेसरवरून सरकलेला किंवा फँटमचा एखादा स्लॅब कमी पडलेला निघतो. ९९ दिसले म्हणून हुरळू नका, १० मिमीच्या जाळीतून एखाद्या लीफची (बीमला आकार देणाऱ्या धातूच्या पट्टीची) १ मिमीची चूक सहज निसटते. शंका आली तर टेबल ५ मिमी सरकवून पुन्हा मोजा. ३ सेंमीपेक्षा लहान फील्डला मात्र फिल्मच.

आणि हा मोजतो तो प्लॅन, पेशंट नव्हे. तोंडाच्या कॅन्सरचा माणूस चौथ्या आठवड्यापर्यंत वाळतो, डोकं स्थिर धरणारा मास्क गालावर सैल पडतो. अ‍ॅरेला त्याचा पत्ताही नसतो. तिथे सीबीसीटी (उपचाराच्या टेबलावरच काढलेला स्कॅन) बघावा, त्वचेवर ओएसएलडी (डोस मोजणारी छोटी टिकली) लावावी.

घेताना जोडणीची जादा केबल करारातच लिहून घ्या. बंकरच्या पाइपातून जाणारी ती केबल उंदरांच्या फार आवडीची.