कलम म्हणून विकलेला नुसता खुंट

घराच्या बागेत लावण्यासाठी वाइनच्या द्राक्षांची, म्हणजे काबर्ने सोव्हिन्योची, कलमे म्हणून जी सहा रोपे मी विकत घेतली, ती कलमे नव्हतीच; तो नुसता खुंट, म्हणजे ज्यावर हव्या त्या जातीची काडी जोडून कलम करतात ते मुळांचे रोप, होता, आणि हे कळायला मला 3 वर्षे लागली.

रोपे पानगळीच्या अवस्थेत, उघड्या मुळांसह आली. तेव्हा सगळ्या द्राक्षकाड्या सारख्याच दिसतात, आणि फसवणाऱ्याला तेच हवे असते. प्रत्येक रोपावर जातीची चिठ्ठी होती आणि मुळांच्या वर वीतभर अंतरावर मेणाचा जाड थर होता. कलमाच्या जोडावर मेण लावतात हे ठाऊक असल्याने मेण दिसताच मी जोड गृहीत धरला. फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्या आणि त्यानंतर अमेरिकी खुंटावर कलम करण्याची पद्धत रूढ झाली, एवढे मी वाचले होते; त्या अर्धवट माहितीचाच विक्रेत्याने फायदा घेतला.

वेली जोमाने वाढल्या, पण पाने लहान, चकचकीत आणि जवळजवळ खाचा नसलेली निघाली. काबर्नेचे पान खोल खाचांनी पाच भागांत विभागलेले असते. विचारल्यावर ‘कोवळ्या वेलीची पाने अशीच असतात’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या वर्षी फुलोरा आला आणि एकही मणी न धरता सगळा गळून गेला. त्यावर ‘पोषण कमी पडले’ असे सांगून त्याने मला टॉनिकच्या बाटल्याही विकल्या. याचा राग मला अजून येतो.

शेवटी भिंगाखाली फूल पाहिले. टोपी (जुळलेल्या पाकळ्यांचे झाकण) गळलेल्या फुलात पुंकेसर ताठ उभे होते, पण मधोमध जिथे सुरईच्या आकाराचा बीजांडकोश हवा, तिथे जेमतेम टाचणीच्या टोकाएवढा उंचवटा होता. वाइनच्या द्राक्षांची फुले द्विलिंगी असतात. खुंटासाठी वापरल्या जाणाऱ्या पुष्कळ जातींना मात्र केवळ नर फुले येतात, त्यांना फळ धरतच नाही. मग खोडावर उरलेले मेण चाकूने खरवडले. खाली साल सलग होती. ना जोडाची गाठ, ना सालीच्या पोतात फरक.

तक्रार घेऊन गेल्यावर त्याने पावतीकडे बोट दाखवले. तिच्यावर ‘द्राक्षरोपे, सहा नग’ एवढेच लिहिलेले होते. चिठ्ठी काय, कोणीही अडकवेल, असे तो तोंडावर म्हणाला.

म्हणून रोप घेण्यापूर्वी एका तरी रोपावरचे मेण काढून जोड डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा, आणि पावतीवर जात व खुंट अशी दोन्ही नावे लिहून घ्या. शक्य असल्यास पाने असतानाच खरेदी करा. विक्रेता मेणाला हात लावू देत नसेल, तर तिथून रोप घेऊच नका.

माझ्या वेलींची मुळे सशक्त असल्याने त्या उपटल्या नाहीत. एका परिचितांच्या फळत्या काबर्नेच्या काड्या आणून सहाही खुंटांवर पाचर कलम केले. त्यांपैकी चार फुटले असून नव्या पानांवर खोल खाचा दिसू लागल्या आहेत.