बिलात ०डब्ल्यू-२०, इंजिनात पिंपातलं २०डब्ल्यू-४०

गाडी माझी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक. दरवर्षी दिवाळीला सांगलीला गेलो की आमच्या अण्णांच्या गॅरेजला ऑइल बदलून घ्यायचं हा ठरलेला कार्यक्रम. गेल्या खेपेला सुट्टीच मिळाली नाही, इकडे ६२ हजार किलोमीटर झाले, म्हणून डिसेंबरात पुण्यातच सोसायटीजवळच्या एका गॅरेजला टाकली. बोर्ड मोठा, रॅम्प वगैरे सगळं, आणि माणूस बोलायला एकदम गोड. मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड ०डब्ल्यू-२० लिहिलाय हे मी आवर्जून सांगितलं, तो म्हणाला साहेब तेच टाकणार, चार लिटरचा सीलबंद कॅन. मी म्हटलं ठीक आणि ऑफिसला गेलो. तिथेच गंडलो.

संध्याकाळी ऑइलचे २,८००, फिल्टरचे १८० आणि मजुरी ४०० असा हिशोब कागदावर पेनाने लिहून दिला, मी जीपे केलं. आता बघा, माझ्या इंजिनात फिल्टर धरून तीन लिटरच्या थोडं वर ऑइल बसतं, मग उरलेलं कुठंय हे विचारायचं पण सुचलं नाही, रिकामा कॅन दाखवा म्हणायचं तर लांबच.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद टकटकटक आवाज. आधी कधी यायचा नाही. पिकअप जड, मायलेज १९ वरून १७ वर. यात थंडीचा आणि ट्रॅफिकचा पण हात असेल, सगळं ऑइलवर ढकलत नाही, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं. डिपस्टिक काढून पाहिली तर लेव्हल बरोबर, ऑइल स्वच्छ. रंगावरून ग्रेड कळत नसतो हो, आणि काही दिवसांनी ऑइल काळं पडलं म्हणजे खराब असंही नाही, ते आतली घाण धरतं म्हणून काळं होतं.

संक्रांतीला सांगलीला गेलो तेव्हा अण्णांना दाखवली. त्यांनी गाडी वर घेतली, बॅटरी मारली आणि मला खाली बोलावलं, "हे वाच." फिल्टर वरून पुसून चकाचक केलेला, पण मागच्या बाजूला पांढऱ्या मार्करने लिहिलेलं अर्धवट पुसट अक्षर, १७/११/२३, ५२३००, म्हणजे तारीख आणि किलोमीटर. अक्षर अण्णांचंच! म्हणजे ज्या फिल्टरचे मी १८० रुपये दिले तो बदललाच नव्हता, नुसता फडकं मारून परत सोडून दिला होता.

तिथूनच गॅरेजवाल्याला फोन लावला. आधी पोऱ्याची चूक झाली असेल म्हणाला, मग मी ऑइलचं विचारल्यावर बेधडक सांगतो, "साहेब, पुण्यात कुठं बर्फ पडतो, ०डब्ल्यू बर्फातल्या गाड्यांना लागतं, आम्ही सगळ्यांना पिंपातलं २०डब्ल्यू-४० टाकतो, इंजिन मजबूत राहतं." मग २,८०० कसले घेतलेस बाबा?

हे बर्फाचं ऐकून बरेच जण मान डोलावतात म्हणून सांगतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा म्हणजे थंडपणी ऑइल किती पटकन पळतं, आणि सकाळचं थंड इंजिन पुण्यातही थंडच असतं. नंतरचा आकडा म्हणजे इंजिन तापल्यावरची जाडी, आणि खरा घोळ तिथंच, २० च्या जागी ४०. जुन्या गाड्यांना, बाइकला ते चालून जायचं. नवीन इंजिनात ऑइलच्या वाटा बारीक, व्हॉल्व्हचं टायमिंग सुद्धा ऑइलच्या प्रेशरवर फिरतं. अण्णा म्हणाले लगेच इंजिन बसलं नसतं, पण असंच वर्षानुवर्षं चालवायचं नाही. पिंपातलं ऑइल मुळात कसलं होतं ते तर देवच जाणे.

ऑइल, फिल्टर परत बदलले. यावेळी कॅन मी दुकानातून पक्क्या बिलावर आणला, मागची एपीआय एसपी ही ऑइलच्या दर्जाची खूण वाचून घेतली, सील माझ्यासमोर तोडलं, उरलेलं अर्धा-पाऊण लिटर डिकीत ठेवलं टॉप-अपला. टॉप-अप करून कॅन रिकामा झाला की मी त्याला भोक पाडूनच टाकतो, नाहीतर भंगारातून परत भरून कोणाच्या तरी बिलात २,८०० ला जायचा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार करायला निघालो होतो पण हातात काय, तर पेनाने लिहिलेला कागद, त्यावर ना गॅरेजचं नाव ना जीएसटी नंबर. फिल्टरचा फोटो मात्र त्याला व्हॉट्सॲप केला. दहा मिनिटांत १८० रुपये जीपेवर आले, आणि ऑइलच्या पैशांचं विचारल्यावर ब्लॉक केलं.