अ‍ॅस्पिरिन: रोज एक, की छातीत कळ येईल तेव्हा?

पन्नाशी ओलांडली की हमखास विचारलं जातं, "रोज एक अ‍ॅस्पिरिन सुरू करू का?" गोळी एकच असली तरी ती रोज घेणं आणि ऐन अटॅकच्या वेळी घेणं, हे तिचे दोन उपयोग अगदी निराळे आहेत.

ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलाय, त्यांना डॉक्टर बहुधा ७५ ते १०० मिलिग्रॅमची गोळी रोज देतात. ती मनाने बंद करायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. हृदयाचा त्रास कधीच झाला नसेल तर हिशेब बदलतो. २०१८ साली 'अ‍ॅस्प्री' या अभ्यासाचे निष्कर्ष आले. १९ हजारांहून जास्त धडधाकट ज्येष्ठांमध्ये रोजच्या १०० मिलिग्रॅमने हृदयविकार म्हणावा तसा घटला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. म्हणून साठीनंतर "असू दे खबरदारी म्हणून" अशी गोळी स्वतःहून सुरू करू नका. चाळिशी-पन्नाशीत असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

ऐन अटॅकच्या वेळी मात्र हीच गोळी जीव वाचवू शकते. १९८८ च्या 'आयसिस-२' अभ्यासात १७ हजारांवर रुग्ण होते. अटॅकनंतर लगेच सुरू करून महिनाभर दिलेल्या अ‍ॅस्पिरिनने हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी वाढवतात, ते ही गोळी रोखते.

पण हा अटॅकच आहे, हे ओळखायचं कसं? माणूस एका बोटाने जागा दाखवत नाही, छातीच्या मधोमध मूठ दाबून धरतो. "कुणी वर बसल्यासारखं वाटतंय," म्हणतो. दुखणं हातात, जबड्यात, पाठीत सरकतं, दरदरून गार घाम फुटतो, दम लागतो, मळमळतं. अ‍ॅसिडिटीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, आडवं झाल्यावर त्रास वाढतो. कागदावर हा फरक स्पष्ट दिसतो, पण प्रत्यक्षात दोन्हींची गल्लत सर्रास होते. बायकांना, मधुमेहींना आणि वृद्धांना तर कधी नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखं होतं, छातीत फारसं दुखतही नाही. "गॅस असेल" म्हणत रात्र काढण्यात जो वेळ जातो, त्यात हृदयाचा स्नायू मरत असतो. शंका आली तर ईसीजी काढायलाच हवा.

आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, गोळी त्यानंतर. १६० ते ३२५ मिलिग्रॅम, चावून; आंबट-कडू भुकटी तोंडभर होते, होऊ द्या, अख्खी गिळलेली गोळी उशिरा लागू पडते. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन इथे कामाचं नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल, अल्सरमधून रक्त जात असेल, पाठीत फाटल्यासारखी कळ येत असेल किंवा तोंड वाकडं होऊन बोलणं अडखळत असेल, तर गोळी देऊ नका: पोटातला, फाटलेल्या मुख्य रक्तवाहिनीतला किंवा मेंदूतला रक्तस्राव असेल तर तो वाढेल.

गाडी स्वतः चालवत जाऊ नका. किती मिलिग्रॅम आणि किती वाजता दिली, ते कागदावर लिहून अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांच्या हातात द्या.