पटाशी आणि रंध्याच्या धारेसाठी डायमंड प्लेट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सागात सिलिका असल्यामुळे तो धार लवकर खातो, आणि तुणाचे लाकूड मऊ असल्यामुळे धार गेल्याचे लगेच दाखवते. पटाशी जराही बोथट झाली, तर तुणाच्या आडव्या छेदातील तंतू कापले न जाता दबतात आणि तो भाग पांढुरका व खरबरीत राहतो. सांगलीतील माझ्या छोट्या कार्यशाळेत ही दोन्ही लाकडे असतात. त्यामुळे धारेचे साधन निवडताना मी कसोटी तुणाचीच लावली.

काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर धार उत्तम येते, सुरुवातीचा खर्चही नगण्य असतो. मात्र कागद वारंवार बदलावे लागतात. 1000 आणि 6000 ग्रिटच्या (आकडा जितका मोठा, तितके कण बारीक) पाण्याच्या, म्हणजे ओले करून वापरायच्या दगडांनी मला आजवरची सर्वांत सुंदर धार दिली, परंतु ते मधोमध झिजून खोलगट होतात, आणि खोलगट दगडावर रंध्याचे पाते सरळ राहत नाही. दर वेळी आधी दगड सपाट करायचा आणि मग पात्याकडे वळायचे, हे रोजच्या कामात परवडत नाही. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या ग्राइंडरची शिफारस मी करणार नाही. पात्याची कड निळी पडली की पोलादाचे पाणी उतरले, म्हणजे त्याचा कडकपणा गेला, असे समजावे.

शेवटी मी 400 आणि 1000 ग्रिटची दुहेरी डायमंड प्लेट (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली धातूची सपाट पट्टी), पाते बाजूंनी पकडून ठरावीक कोनात धरणारा चाकाचा गाइड आणि पॉलिशची हिरवी पेस्ट लावलेला चामड्याचा पट्टा यांवर स्थिरावलो. प्लेट सपाटच राहते, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. नवी असताना ती जास्त खरबरीत लागते. त्या काळात जोर देऊ नये, कारण दाबामुळे हिऱ्याचे कण उखडतात. वापरताना साबणाचे पाणी पुरते, मात्र नंतर प्लेट आणि पाते दोन्ही कोरडी पुसून पात्याला तेलाचा हात फिरवावा. पावसाळ्यात तर हे चुकवूच नये.

गाइडबाबत मात्र माझी तक्रार आहे. त्याच्या जबड्यांवर रंगाचा जाड थर असल्याने अरुंद पटाशी तिरकी होऊन सरकत असे. कानशीने तो थर काढल्यावरच पकड नीट बसली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील कारागिरांप्रमाणे केवळ हाताच्या अंदाजाने कोन धरणे वर्षानुवर्षांच्या सरावानेच जमते, आणि तो सराव होईपर्यंत गाइड आवश्यकच आहे. या प्रकारच्या गाइडमधून पटाशी 40 मिमी पुढे काढली की 25 अंशांचा उतार मिळतो आणि 30 मिमी काढली की कडेवरचा 30 अंशांचा बारीक उतार. रंध्याच्या पात्यासाठी हीच अंतरे 50 आणि 38 मिमी आहेत. फळीच्या तुकड्यावर या अंतरांचे ठोकळे कायमचे बसवून घेतल्यामुळे आता मोजण्यात वेळ जात नाही.

घासताना पात्याच्या मागच्या बाजूस बोटाला अडकणारी बारीक कड जाणवली की थांबावे, मागची बाजू प्लेटवर अगदी सपाट ठेवून ती कड काढावी आणि मग पाते पट्ट्यावर फक्त मागे ओढावे. ओढण्याची संख्या आठ-दहाच्या पुढे नेल्यास धार गोलावते. एवढे केल्यावर तुणाच्या आडव्या छेदावरून अखंड, पातळ साल निघते आणि खालचे लाकूड मेणासारखे चमकते.