उपकेंद्र की आयुष्मान कार्ड: पैसा आधी कुठे?

आयुष्मान भारतचे 2018 पासून दोन रस्ते आहेत: उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे बळकट करणे, आणि जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार.

5 लाखांचा आकडा डोळ्यांत भरतो, पण या योजनेचे आयुष्मान कार्ड चालते ते मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर. रक्तदाबाचा पेशंट घ्या. रोजची गोळी ओपीडीतली, म्हणून कार्डात बसत नाही. गोळी सुटून पक्षाघात झाला, की मग आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) नोंद, उपचाराआधी योजनेची पूर्वमंजुरी, ठरलेल्या दराचे उपचार-पॅकेज. घरी सोडल्यावर औषधे 15 दिवसांपर्यंत. पुढे पुन्हा उपकेंद्रच गाठायचे!

उपकेंद्राचा निकष मैदानी भागात 5000, डोंगरी-आदिवासी भागात 3000 लोकसंख्येचा. तिथे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने बीपी मोजून गोळ्या द्यायच्या, आशाताईंनी घरी पाठपुरावा करायचा. साठा संपला किंवा पद रिकामे राहिले, की पेशंट खासगी दवाखान्याकडे वळतो आणि सहसा परत येत नाही.

हृदयशस्त्रक्रियेला कार्डच हवे, यात वाद नाही. पण 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेच दोन तृतीयांश किंवा अधिक निधी प्राथमिक सेवेला द्यायला सांगितले आहे. तेव्हा आधी गोळ्यांचा साठा आणि पदभरती, पॅकेजची यादी नंतर वाढवा.